५८ सीसीचं पेट्रोल चेनसॉ : माडावर चाललं, साखळी मात्र दुसरी घ्या

जून जवळ आला की कळव्यातल्या मंडळांची पोरं गॅरेजवर येतात आणि एकच विचारतात, "काका, ते झाड कापायचं मशीन कुठलं घेऊ?" प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

मशीन म्हणजे ऑनलाइन सहा-सात हजारांत मिळतं ते. केशरी अंगाचं, ५८ सीसी, टू-स्ट्रोक, २२ इंची पातं, म्हणजे साखळी जिच्यावरून फिरते ती पट्टी. चीनमधून येतं आणि इथे चार वेगवेगळ्या नावांचे स्टिकर लावून विकलं जातं, आतलं सामान एकच. माझ्या मशीनवरचा स्टिकर पहिल्याच पावसात निघून गेला, त्यामुळे नावाचा प्रश्न आपोआप मिटला. पाचपैकी साडेतीन तारे देतो. एक तारा बरोबर येणाऱ्या साखळीसाठी कापला, अर्धा स्टार्टरच्या दोरीसाठी.

माझा धंदा दुचाकी दुरुस्तीचा. येझदी, आरएक्स-१००, चेतक, उमेदीची सगळी वर्षं टू-स्ट्रोकच्या धुरात गेली. त्यामुळे खोक्यातून हे बाहेर काढलं तेव्हा परकं असं काही वाटलं नाही. कार्बोरेटर, प्लग, एअर फिल्टर, दोरी ओढून स्टार्ट. ज्याने स्कूटरचं कार्बोरेटर एकदा जरी उघडून साफ केलंय त्याला हे मशीन जमतं. ज्याने नाही, त्याने पुढचं नीट वाचा.

याची खरी परीक्षा झाली ती निसर्ग वादळात. ३ जून २०२०च्या दुपारी ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी शंभर-एकशे दहा किलोमीटर, मध्येच झोत एकशे वीसचे. आमच्याकडे ठाण्यात त्या दिवशी पाऊस झाला, थोडी झाडं पडली, संध्याकाळी लोक चहाही प्यायले. माझं आजोळ श्रीवर्धन तालुक्यात. मामांचा फोन लागेना, शेजाऱ्यांचा लागेना, म्हसळ्याच्या ओळखीच्या दुकानदाराचाही लागेना. टॉवरच बंद पडले होते. मग मंडळाच्या ग्रुपवर हाक दिली. लॉकडाऊन चालू होता, त्यामुळे माणसं घरीच होती आणि चार टेम्पोवाल्यांच्या गाड्याही दारात उभ्या होत्या. पास काढायलाच काय तो वेळ लागला.

लोकांनी दिलं भरभरून. त्यात जुने कपडे इतके आले की पोतीच्या पोती बाजूला ठेवावी लागली. छप्पर उडालेल्या माणसाला पहिल्या दिवशी साडी नको असते, ताडपत्री हवी असते, पत्रे हवे असतात, जे-हुक हवे असतात, सुतळी आणि सुंभ हवा असतो. मेणबत्त्या, काडेपेट्या, पाण्यात टाकायच्या गोळ्या हव्या असतात. आणि या सगळ्याच्याही आधी, दारापर्यंत पोचायला वाट हवी असते.

म्हणून मशीन सगळ्यात पुढच्या गाडीत ठेवलं. पुढे बोलेरो पिकअप, तिच्यात मशीन, दोरखंड, कोयते, पहारी, पाचरी. तिच्यामागे पत्र्यांची ४०७. मग धान्याचा छोटा हत्ती, आणि शेवटी भाच्याची इको, पाणी आणि औषधं घेऊन. पुढच्या गाडीला कुणी ओव्हरटेक करायचं नाही आणि मागची गाडी आरशात दिसेनाशी झाली की थांबायचं, एवढेच दोन नियम. पनवेल, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव. तो रस्ता तेव्हाही खणलेलाच होता, त्याबद्दल वेगळं लिहायला नको. माणगावला टाक्या आणि कॅन भरून घेतले, कारण पुढे वीज नाही म्हणजे पंपाचाही भरवसा नाही. माणगाव सोडल्यावर फोन खिशात ठेवून दिले, रेंजच नव्हती.

म्हसळ्याच्या अलीकडे दुसरा एक ताफा अडकलेला दिसला. मशीन त्यांच्याकडेही होतं, आमच्यापेक्षा महाग, परदेशी. पण तांदळाच्या गोण्यांच्या तळाशी. पावसात अर्धा टेम्पो रस्त्यावर रिकामा करत होते बिचारे.

मुख्य रस्ता एनडीआरएफने आणि बांधकाम खात्याच्या जेसीबींनी मोकळा केला होता. अडलं होतं ते आत, पाखाड्यांमध्ये म्हणजे अरुंद वाटांमध्ये, वाड्यांमध्ये, जिथे जेसीबी वळत नाही. श्रीवर्धन म्हणजे रोठा सुपारी. पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, अशा आडव्या पडल्या होत्या की वाट कुठली आणि कुंपण कुठलं ते कळेना. एकेक खोड काही जाड नसतं, मशीन दोन-तीन सेकंदांत आरपार जातं. पण त्या शेकड्यांनी एकमेकींत अडकलेल्या, काही कमानीसारख्या वाकून ताणलेल्या. वाकलेल्या खोडाला चुकीच्या बाजूने हात लावला की ते उसळतं आणि समोरच्याची छाती फोडतं. आधी आतल्या, दबलेल्या बाजूने थोडा काप द्यायचा आणि मग बाहेरच्या, ताणलेल्या बाजूने सोडवायचं. हे मशीनच्या पुस्तिकेत दिलेलं नाही. पुस्तिकेत आहे ते इंग्रजीही वाचवत नाही.

आता माडाबद्दल, कारण कोकणात जायचं तर त्याच्याशीच गाठ आहे. माडाचं खोड आंब्या-फणसासारखं नसतं. बाहेरचा थर लोखंडासारखा कडक, आत मऊ, तंतूच तंतू. त्या लाकडात वाळूतल्या सिलिकासारखे कण असतात, ते दातांची धार खातात. वर समुद्रकाठची रेती सालीला चिकटलेली. मशीनबरोबर आलेली साखळी पहिल्या दोन माडांतच बोथट झाली. कसं ओळखायचं ते सांगतो. धार असली की मशीनमधून चिपा उडतात. चिपांऐवजी पिठासारखा भुसा पडायला लागला, मशीन दाबावं लागायला लागलं आणि कापातून धूर यायला लागला, की थांबा. जोर लावून काही होत नाही, पातं तापतं आणि क्लच जळतो.

कानशीने धार लावायची ती या साखळीला ४.८ मिलिमीटरच्या गोल कानशीने, म्हणजे ३/१६ इंच. तीस अंशाचा कोन, प्रत्येक दाताला सारखेच हात, एका बाजूचे दात झाले की मग दुसऱ्या बाजूचे. एका बाजूला जास्त घासलं गेलं की मशीन कापताना एकीकडे ओढतं आणि काप वाकडा जातो. आम्ही पिकअपच्या मागच्या फाळक्यावर पातं शिकंज्यात धरून दर टाकीला धार लावत होतो. टाकी संपली की माणूसही बदलायचा, कारण या मशीनला कंप खूप आहे. मूठ सोडल्यावर बोटांना मुंग्या येतात, चहाचा कप धरवत नाही.

साखळी म्हणूनच वेगळी घ्या. पिच (दुव्यांमधलं अंतर) .३२५ इंच, गेज (पात्याच्या खाचेत बसणाऱ्या दुव्याची जाडी) .०५८ इंच, हे आकडे पात्याच्या मुळाशी कोरलेले असतात, आणि साखळीचे दुवे मोजून घ्या. मुंबईत नागदेवीच्या बाजारात गेलात तर चांगल्या पोलादाची मिळते. मातीतल्या, रेतीतल्या कामाला टोकदार कोपऱ्याच्या दातांची घेऊ नका, गोल कोपऱ्याची घ्या. ती थोडी हळू कापते पण टिकते. आणि जमत असेल तर पातंही २२ इंची ठेवू नका, १८ इंची घ्या. ५८ सीसीला २२ इंच म्हणजे फोटोत शोभण्यापुरतं. माडाचं खोड साधारण फूटभर, त्याला १८ इंच पुरून उरतं आणि मशीन पुढच्या टोकाकडे झुकत नाही.

एक काम सविस्तर सांगतो, कारण मशीन चांगलं की वाईट ते मला तिथे कळलं. एका घराच्या पडवीवर माड आडवा पडलेला. वाशांचा चुरा, कौलं खाली, माडाचा शेंडा पलीकडच्या गोठ्याच्या पत्र्यावर टेकलेला. आत म्हैस. घरच्या आजी छत्री धरून उभ्या.

"आजी, आधी पडवीवरचं काढतो, घरात पाणी येतंय तुमच्या," मी म्हटलं.

"पडवीचं राहूं दे मेल्या, म्हशीकडचं आधी बघ. ती काल रात्रीपासनं हंबरतेय."

मग गोठा आधी. झावळ्या आणि नारळाची पेंड कोयत्याने उतरवली. तिथे मशीन काढायचंच नाही, झावळीचे धागे साखळी फिरवणाऱ्या दातेरी चाकात, स्प्रॉकेटमध्ये, गुंडाळतात आणि साखळी उतरते. शेंड्याकडचा भाग दोरखंडाने मागच्या फणसाला बांधला, खालून दोन ठिकाणी वासे टेकवले. मग टोकाकडून हात-हात लांबीचे तुकडे. वरून दोन-तृतीयांश काप, त्यात पाचर ठोकायची म्हणजे खोड मिटून पातं धरत नाही, मग उरलेलं. मशीन खांद्याच्या वर न्यायचं नाही आणि शिडीवर उभं राहून चालवायचं नाही, त्यामुळे अंगणातल्या बैलगाडीची साटी ओढून तिच्यावर उभे राहिलो. पाऊस चालू, आणि मशीन एकदाही बंद पडलं नाही. सहा-सात हजारांच्या वस्तूकडून मी एवढी अपेक्षा केली नव्हती. म्हैस बाहेर आली ती थेट आजींच्या छत्रीत शिंगं घालायला.

बंद पडलं ते दुसऱ्या दिवशी, स्टार्टरची दोरी तुटून. बरोबर येणारी दोरी म्हणजे पायजम्याची नाडी. स्प्रिंगचं घर उघडून चांगली नायलॉनची दोरी ओवली, टोक काडेपेटीने जाळून गाठ पक्की केली, काम झालं. गॅरेजवाल्याला हे दहा मिनिटांचं काम आहे, पण ताफ्यात असा माणूस नसेल तर तिथेच घोडं अडलं असतं. घरून निघतानाच दोरी बदला.

बाकी तक्रारी किरकोळ. पात्याचे दोन नट कंपाने सैल होतात, दर टाकीला पाना लावा. आयडलला, म्हणजे रेस न देताही, साखळी फिरत राहिली तर टी लिहिलेला स्क्रू थोडा सोडा. साखळीच्या तेलाची टाकी उभं ठेवलं की गळते. त्या टाकीत इंजिनमधून काढलेलं काळं तेल ओतायचा मोह होतो, आमच्या गॅरेजवाल्यांना तर फारच. ओतू नका. त्यात धातूचा चुरा असतो, ऑइल पंप घासतो, आणि ते सगळं तेल उडून जातं वाडीत, जिथे चार पावलांवर पिण्याची विहीर असते. स्वस्तातलं नवं २०-४० घाला.

खरा घात होतो तो पेट्रोलच्या मिश्रणात. लिटरला ४० मिली टू-टी ऑइल. बरोबर एक दोन तोंडांची मापाची बाटली येते, ती मात्र छान आहे. घाईत कुणीतरी साधं पेट्रोल ओततं आणि पिस्टन धरतो. म्हणून मिश्रणाचा कॅन वेगळा, गळ्याला लाल फडकं बांधलेला, आणि तो एकाच माणसाच्या ताब्यात. आमच्याकडे ते काम दहावीची परीक्षा झालेल्या एका मुलाला दिलं होतं. त्याने दोन्ही दिवस कुणालाही कॅनला हात लावू दिला नाही, मलाही नाही.

अंगावर काय घालायचं ते मशीनबरोबर येत नाही आणि जाहिरातीतला माणूस टी-शर्टवर उभा असतो. आम्ही गॅरेजमधली जुनी हेल्मेटं वापरली, काचेवर वाफ धरते पण डोळे वाचतात. जाड हातमोजे, कानात कापूस, टाच असलेले बूट. पात्याच्या टोकाचा वरचा कोपरा कशाला लागला की मशीन उलटं तोंडावर येतं. समोरचा ब्रेक त्यासाठीच असतो. दुकानात घेत असाल तर चालू करून तो लागतो की नाही ते तिथेच बघा, आणि ऑनलाइन घेतलं असेल तर पहिलं काम तेच. मुळासकट उपटलेला आंबा कापत असाल तर खड्ड्याजवळ कुणालाही उभं करू नका. खोड वेगळं झालं की मुळांचा गड्डा पुन्हा उभा राहतो आणि खड्ड्यात बसतो, त्यात कुणी असलं तर संपलं. लहान मुलांना त्या खड्ड्यात खेळायला फार आवडतं, एक माणूस निव्वळ त्यांच्यावर नजर ठेवायला लागतो. आणि विजेच्या तारा. सगळ्या गावात वीज नाही हे माहीत असूनही झाडात अडकलेल्या तारेला हात लावू नका. कुणाच्या घरी जनरेटर चालू असतो आणि तो चुकीचा जोडलेला असला की मेलेली वाटणारी तार जिवंत असते. महावितरणच्या वायरमनला गाठा, तो हो म्हणाला की मगच कापा.

आता मंडळांनी काय घ्यावं. बॅटरीवरची छोटी, एका हाताची मशीनं हल्ली सगळ्यांकडे दिसतात. फांद्या, झावळ्यांचे देठ यांना उत्तम, आवाज नाही, बायकाही सहज चालवतात. पण जिथे आठवडा-आठवडा वीज नाही तिथे दुसऱ्या दिवशी ती पिशवीतच राहतात. वायरवालं तर नेऊच नका. नामांकित कंपनीचं महागडं मशीन असेल तर उत्तमच, हलकं असतं, कंप कमी. पण बजेट एका महाग मशीनचं असेल, तर माझं ऐका आणि त्या पैशांत ही दोन स्वस्त मशीनं घ्या, दोन्ही अगदी एकसारखी, एकाच दिवशी, एकाच दुकानातून. पातं, साखळी, प्लग, फिल्टर, दोरी सगळं एकमेकांना लागतं. एक बिघडलं तर त्याचे भाग काढून दुसरं चालतं. म्हसळ्याजवळ भेटलेल्या त्या परदेशी मशीनची साखळी दुसऱ्या दिवशी तुटली आणि तसली साखळी अख्ख्या तालुक्यात नव्हती. आमच्याकडच्या जादा साखळ्या त्याला बसत नव्हत्या. ते मशीन परत गोण्यांखाली गेलं. पुढच्या वर्षी आम्ही जोडीदार मशीन घेतलं ते याच कारणाने.

१७ मे २०२१ला तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं तेव्हा दोन्ही मशीनं ठाण्यातच कामाला आली. तेव्हा एक गोष्ट पोरांना नीट सांगावी लागली. शहरात पडलेलं झाड कापणं वेगळं आणि उभं झाड कापणं वेगळं. उभ्याला, मग ते वाकलेलं का असेना, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, झाडांच्या संरक्षणाचा १९७५चा कायदा आहे. घरात मशीन आलं म्हणून सोसायटीच्या कमिटीला गुलमोहर खुपायला लागतो, त्यांच्या नादी लागू नका. पडलेल्याचंही आधी आपत्ती कक्षाला किंवा अग्निशमन दलाला कळवा. त्यांची गाडी दहा ठिकाणी अडकलेली असते, तेव्हा त्यांच्या सांगण्यावरून रस्ता मोकळा करायला हात लावा.

पावसाळा संपला की टाकी पूर्ण रिकामी करा आणि मशीन बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटरमध्ये थेंब राहत नाही. आता पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, त्यातलं इथेनॉल पाणी ओढतं आणि रबरी नळ्या कडक करतं. माझ्या जुन्या मशीनची पेट्रोलची नळी यंदा बदलली, शंभराच्या आतलं काम. मिश्रण करून महिनोन्महिने ठेवलेलं पेट्रोल घालून "स्टार्टच होत नाही हो" म्हणत येणारे दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी रांगेत असतात.

ज्यांना साखळीला धार लावायला शिकायचंय त्यांनी रविवारी सकाळी गॅरेजवर या. पैसे नको, कानस आपापली आणा.